पहिला अर्धा सेकंद आणि नंतरची चाळीस वर्षं

गिरणी संपाची माझी एक आठवण आहे. गेली पंचवीस-तीस वर्षं ती मी सांगत आलो आहे. वर्गात सांगितली, एक-दोन परिसंवादांत सांगितली, एका लेखाची सुरुवातही तिने केली. मी सात वर्षांचा. वडिलांचं बोट धरून गिरणीच्या फाटकाशी उभा आहे. फाटक बंद. नुकताच पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला. गर्दीत धक्काबुक्की होते, कुणाच्या तरी हातातला डबा खाली पडतो, झाकण घरंगळत जातं आणि डांबरावर डाळ पसरते. वडील त्या डाळीकडे बघत राहतात. बस, एवढंच. पण हे सांगताना अजूनही माझा घसा दाटतो.

गेल्या गणपतीत घरी सगळे जमले होते. कुणीतरी विषय काढला आणि मी ही आठवण पुन्हा सांगितली. ताई आतून ताटं घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, तू कसा असशील तिथे? आपण गावी नव्हतो का?" मी वाद घातला. तिने काही न बोलता आईच्या ट्रंकेतून माझा शाळा सोडल्याचा दाखला काढून दिला. परळची शाळा सोडल्याची तारीख एप्रिल 1982. संप सुरू झाला 18 जानेवारीला. म्हणजे संपाचा पहिला पावसाळा मी मालवणकडच्या गावी काढला, आणि परत आलो तो दोन वर्षांनी. तोवर वडील दुसरीकडे हमालीला लागले होते आणि गिरणीच्या रस्त्याने जायचंही टाळत होते. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत परळचा रस्ता पावसाने ओला होत नाही.

त्या रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या मी आठवण पुन्हा पुन्हा समोर आणून पाहिली, आणि पूर्वी कधी न जाणवलेली एक गोष्ट लक्षात आली. तिच्यात रंग नाहीत. डाळ पिवळी नाही. माझी आठवण कृष्णधवल आहे.

म्हणजे ती मी कुठेतरी छापलेली पाहिली असणार. वर्तमानपत्रात, एखाद्या पुस्तकात, युनियनच्या स्मरणिकेत. किंवा दोन-तीन छायाचित्रं आणि कुणाचं तरी बोलणं यांची सरमिसळ झाली असेल. डाळीचा डबा मला अद्याप कोणत्याच छायाचित्रात सापडलेला नाही. पण सापडो न सापडो, माझ्यासारख्या माणसाला यातून प्रश्न पडतो तो वेगळा. मी मराठीचा शिक्षक. गिरणगावच्या साहित्यावर, नाटकांवर, चित्रपटांवर मी आजवर जे लिहिलं, त्यात 'मी हे भोगलेलं आहे' हा एक न लिहिलेला दाखला असायचा. त्या दाखल्यावर आता ताईने बोट ठेवलं होतं.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिने मला वाचायला जे दिलं त्यातलं मला झेपलं तेवढं इथे मांडतो, कारण त्याचा आपल्या समीक्षेशी संबंध आहे असं मला वाटू लागलं आहे.

भावना जागवणारं चित्र समोर आलं की मेंदूत काय होतं हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांत बहुधा एक ठरावीक चित्रसंच वापरतात. फ्लोरिडा विद्यापीठातल्या पीटर लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. त्यात जखमा आहेत, रोखलेली पिस्तुलं आहेत, बाळं आहेत, प्रणयी जोडपी आहेत. आणि टोपली, खुर्ची, छत्री असल्या निर्विकार वस्तूही आहेत. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घातलेला माणूस पडद्यावर एकामागून एक चित्रं बघतो आणि मेंदूच्या विद्युत्-लहरी नोंदल्या जातात. या पद्धतीने मेंदूत नेमकं कुठे काय घडलं ते फारसं कळत नाही. पण केव्हा घडलं ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कळतं.

मेंदू एका झटक्यात काही करत नाही. साधारण दहाव्या भागाच्या सेकंदात दृश्याची पहिली नोंद होते. दीडशे ते तीनशे मिलिसेकंदांच्या दरम्यान, म्हणजे काय पाहिलं ते आपण स्वतःशी म्हणायच्या आतच, भावनिक चित्र आणि निर्विकार चित्र यांची वाट वेगळी होऊ लागते. मेंदू जणू 'इकडे बघ' म्हणतो. नंतर, तीनशे-चारशे मिलिसेकंदांच्या सुमारास, एक मोठी लाट उठते. 'लेट पॉझिटिव्ह पोटेन्शियल' हे तिचं नाव. मी तिला उशिराची लाट म्हणतो. ही लाट चटकन ओसरत नाही. चित्र सहा सेकंद समोर ठेवलं तर ती तेवढा वेळ टिकते, चित्र हटवल्यावरही थोडा काळ रेंगाळते. तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं तर ती खाली येते, पण छत्रीच्या पातळीला येत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो डॅन फॉटी आणि ग्रेग हायचॅक यांचा 2008 सालचा प्रयोग. त्यांनी अप्रिय चित्र दाखवण्याआधी त्याचं वर्णन ऐकवलं. एकदा भीषण वर्णन, एकदा सौम्य. चित्रं त्याच प्रकारची. सौम्य वर्णनानंतर उशिराची लाट लहान निघाली. म्हणजे लाट उठायच्या आधी शब्द तिथे पोचून बसलेला असतो. चित्राखालच्या ओळीला आपण मथळा म्हणतो, पण तिचं काम चित्राच्या आधी सुरू होतं.

परळकराला हे प्रयोगशाळेतून कळायची गरज नव्हती. 29 सप्टेंबर 2017, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळची वेळ, जोराचा पाऊस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही दोन स्थानकं जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं की कुणाची तरी फुलं पडली, 'फूल गिर गया' असं कुणी म्हणालं आणि गर्दीने 'पूल गिर गया' ऐकलं. ते तसंच घडलं का, याची खात्री कोण देणार? पण ही कहाणी तेव्हा साऱ्या शहराने मान्य केली, कारण एक अक्षर बदललं की डोळ्यांसमोरचं चित्र बदलतं हे सगळ्यांना आतून ठाऊक होतं.

मी त्या जिन्यापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. पण ते दृश्य मी आधी पाहिलं ते हातातल्या फोनवर. अकरा वाजेपर्यंत ती चित्रफीत चार निरनिराळ्या गटांतून आली. पहिल्यांदा मी फोन उलटा ठेवला. चौथ्यांदा ती आली तेव्हा मी तिची लांबी बघितली. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो, कारण पुढे जे म्हणायचं आहे त्याला त्याची गरज आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. आपल्या समीक्षेत, विशेषतः वर्तमानपत्री परीक्षणात, गेल्या काही दशकांत काही विशेषणं फार मातली आहेत. 'अंगावर येणारं', 'सुन्न करणारं', 'हादरवून टाकणारं', 'थेट भिडणारं'. ही सारी विशेषणं पहिल्या अर्ध्या सेकंदाची आहेत. कलाकृतीने दचकवलं एवढंच ती सांगतात. दचकणं खोटं नसतं; पण पिस्तुलाच्या चित्रालाही माणूस दचकतो आणि तिथे कलावंताची गरज नसते. 2010 साली 'लालबाग परळ' आला तेव्हा एका नियतकालिकात मी जे परीक्षण लिहिलं त्यात वरच्या चारपैकी तीन विशेषणं आहेत. कात्रण काढून मोजली.

या बाबतीत गिरणगावाने आपल्यासमोर एक आयता प्रयोगच मांडून ठेवला आहे. जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक 1997 साली रंगभूमीवर आलं. त्याच वर्षी 16 जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांचा खून झाला होता. त्याच नाटकावरून महेश मांजरेकरांनी 'लालबाग परळ' केला आणि पटकथेत खुद्द पवार होते. कुटुंब तेच, संप तोच, चाळ तीच, लेखकही एका परीने तोच. बदललं आहे ते दाखवण्याचं वेळापत्रक.

'अधांतर' एका खोलीत घडतं. संपाने अडीच लाख कामगारांच्या घरांचं जे केलं ते या एका घरातल्या आई, तीन मुलगे आणि एका मुलीच्या येण्याजाण्यातून दिसतं. बाहेर मोर्चे असतील, मारामाऱ्या असतील, गुंडगिरी असेल. ते सगळं दारातून आत येतं तेव्हा त्याची बातमी झालेली असते, किंवा कुणाच्या तरी चेहऱ्यावर त्याची छाया असते. प्रेक्षकाला मूळ दृश्य मिळत नाही. शिवाजी मंदिरात मागच्या रांगेत बसून मी हे नाटक पाहिलं तेव्हा प्रथम चिडलो होतो. वाटलं, हा माणूस आपल्याला सतत घरात का कोंडून ठेवतोय? शब्द आधी येतो आणि चित्र कधी येतच नाही, ते आपल्याला बनवावं लागतं. बनवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात आईकडे बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. घरात पैसा नाही ही गोष्ट नाटक सांगून मोकळं होत नाही. माणसं एकमेकांशी ज्या आवाजात बोलतात त्यातून ती हळूहळू साचत जाते. भरताच्या परिभाषेत बोलायचं तर इथे विभावापेक्षा अनुभावांना आणि व्यभिचारी भावांना मोकळीक आहे. स्थायी काय आहे ते दुसऱ्या अंकात केव्हातरी कळतं.

चित्रपट दार उघडतो आणि बाहेर पडतो. तो मालकाच्या बंगल्यात जातो, गल्लीतल्या टोळीत जातो, रक्त रक्तासारखं दाखवतो. चित्रपटाने बाहेर जावं यात गैर काही नाही. ते माध्यमच रस्त्याचं आहे. आणि नाटकात जे केवळ गृहीत होतं, म्हणजे जमीन विकली जाणं, गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग होणं, ते चित्रपटाने स्पष्ट केलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. ज्यांनी कधी नाटकाचं तिकीट काढलं नाही अशा हजारोंपर्यंत तो पोचला. आमच्या चाळीत तो तीनदा पाहिलेली माणसं आहेत. माझी तक्रार दृश्यांच्या अंतराबद्दल आहे. एका धक्क्याची उशिराची लाट उठते न उठते तोच दुसरा धक्का येतो. मेंदू दरवेळी 'इकडे बघ' म्हणतो आणि आपण बघतो. पण आधी जे बघितलं त्याच्यापाशी थांबायला सवड उरत नाही. तिसऱ्या खुनाला मी चौथ्या चित्रफितीसारखा वागलो: तो किती वेळ चालणार याचा अंदाज घेऊ लागलो.

आणखी एक गोष्ट. तीव्र भावनेचं चित्र लक्ष मध्यभागी खेचतं आणि कडा पुसून टाकतं, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी बऱ्याच वेळा दाखवलं आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी 1987 साली लोकांना दोन दृश्यमाला दाखवल्या. उपाहारगृहातल्या गल्ल्यापाशी एक गिऱ्हाईक उभं आहे. एका मालेत त्याच्या हातात पिस्तूल, दुसऱ्यात चेक. पिस्तूल पाहिलेल्यांची नजर पिस्तुलावर खिळली आणि माणूस त्यांना कमी आठवला. 'लालबाग परळ' पाहून बाहेर पडलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी विचारलं होतं, त्या घरात मोरी कुठे होती? कुणालाही सांगता आलं नाही. 'अधांतर' पाहून तेरा वर्षं झाली होती आणि मला त्या खोलीचा नकाशा काढता येत होता. अर्थात माझा हा 'प्रयोग' शास्त्रीय नव्हे. त्यांच्यापैकी बहुतेक जण मोरी नसलेल्या, संडास-बाथरूम असलेल्या घरांत वाढले होते. त्यांनी मोरी शोधलीच नसेल.

प्रयोगशाळेतला माणूस एकटा, खुर्चीत, सहा सेकंद. नाट्यगृहातला शेजारच्याच्या श्वासासह अडीच तास. एकाचं दुसऱ्याला जसंच्या तसं लावणं भाबडेपणाचं होईल. के. ना. वाटव्यांनी 'रसविमर्श'मध्ये 1942 साली रसव्यवस्था त्या काळच्या मानसशास्त्राशी ताडून पाहिली होती. आज ते वाचताना जुनी झालेली बाजू मानसशास्त्राचीच दिसते. लहरींच्या या आलेखांचंही पुढे तसं होऊ शकतं. शिवाय मर्ढेकर असते तर त्यांनी विचारलं असतं की भावना उठली की नाही हा सौंदर्याचा प्रश्न आहेच कुठे, लय कुठे आहे ते सांगा. मला वाटतं 'अधांतर'च्या बाबतीत त्यांना उत्तर देता येईल: वेळ राखून ठेवण्यातच तिची लय आहे.

सुधीर पटवर्धनांची आठवण इथे अपरिहार्य आहे. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा चित्रकार 1975 पासून तीसेक वर्षं ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत होता. दिवसभर दुसऱ्यांच्या शरीरांच्या कृष्णधवल प्रतिमा वाचायच्या. त्या वाचनाची शिस्त अशी की डोळ्यात भरणाऱ्या जागेपाशी थांबायचं नाही. कडेपर्यंत जायचं, कारण दुखणं कडेला असू शकतं. त्यांचं 2001 सालचं 'लोअर परळ' मला या शिस्तीचं चित्र वाटतं. गिरण्यांचा परिसर बदलतो आहे, जुनं आणि नवं बांधकाम एकमेकांना खेटून आहे, आणि माणसं आपापल्या वाटेने चालली आहेत. कुणी छाती पिटत नाही. नजर खिळवणारं पिस्तूल कुठेही नाही. 2019-20च्या हिवाळ्यात नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं तेव्हा मी तिथे दोनदा गेलो. पहिल्या फेरीत मनात म्हटलं, हा माणूस फार थंड आहे. दुसऱ्यांदा गेलो ते थंड म्हणण्याचं कारण शोधायला, आणि तासभर बाकावर बसून राहिलो. घरी परतताना करी रोडच्या पुलावर समोरून येणाऱ्या माणसांच्या चालीकडे माझं लक्ष गेलं. खांदे कसे पडतात, पिशवी कुठल्या हातात आहे. तीस वर्षं रोज बघत असून न पाहिलेली माणसं. या चित्राची लाट अर्ध्या सेकंदाने नव्हे, दीड तासाने उठली.

उरला प्रश्न वर्षांचा. मेंदूत ती लाट विरते. मग काय राहतं? 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हांला कशी कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना पुन्हा तेच विचारलं. अनेकांची दुसरी हकिगत पहिलीशी जुळत नव्हती. ज्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं त्यांना आता पक्कं आठवत होतं की आपण ते टीव्हीवर पाहिलं. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही. 11 सप्टेंबर 2001 नंतर ड्यूक विद्यापीठात टॅलरिको आणि रुबिन यांनी असंच काम केलं. भयंकर दिवसाची आठवण साध्या दिवसाच्या आठवणीइतकीच झिजते, असं त्यांना आढळलं. टिकून राहतो तो तिच्या खरेपणावरचा विश्वास.

हे वाचताना मला ट्रंकेतला दाखला दिसत होता. त्या विद्यार्थ्यांसारखाच मीही, कागद हातात घेऊन, आठवण सोडायला तयार नव्हतो.

अभिनवगुप्ताने रसास्वादातली सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी नेहमी उदाहरण द्यायचो ते दुसऱ्या कुणाचं तरी. आता दिसतं की 'लालबाग परळ' बघताना माझ्या घशात जो आवंढा आला, तो पडद्यावरच्या माणसांसाठी कमी आणि ओल्या डांबरावरच्या डाळीसाठी जास्त होता. आणि ती डाळ माझी नव्हती. 'अंगावर येतो' असं मी लिहिलं, पण अंग माझं आणि येणारी गोष्ट उसनी. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखतींचं जे मोठं पुस्तक 2004 मध्ये केलं, ते त्यानंतर मी पुन्हा वाचायला घेतलं. पूर्वी त्यात मी 'खरी माहिती' शोधत असे. आता माणसं कुठे अडखळतात, कुठे 'मला वाटतं' म्हणतात, तिथे पेन्सिलीने खूण करतो. ज्यांनी खरोखर भोगलं त्यांच्या बोलण्यात अशा जागा बऱ्याच आहेत. माझ्या आठवणीत एकही नव्हती. ती दरवेळी तशीच्या तशी, डबा, झाकण, डाळ.

हे सगळं मी ताईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हटलं, मग तुला त्या दिवसांतलं काय आठवतं? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, वडील गावी आम्हांला सोडायला आले होते तेव्हा एसटी हलल्यावर तिने मागच्या काचेतून पाहिलं. ते तिठ्यावर उभे होते, आणि त्यांनी हात हलवला की नाही ते तिला आठवत नाही. शर्ट निळा होता. "म्हणजे बहुतेक निळा," ती म्हणाली, "त्यांच्याकडे दोनच होते."